गळतीचं गोड पाणी

वऱ्हाडात माझं पहिलं पाऊल पडलं ते चुकीच्या स्टेशनवर. उतरायचं होतं अकोल्याला. कोल्हापूर सोडल्यापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता, प्रत्येक स्टेशनाला उठून दारात जाऊन येत होतो, आणि नेमकं अकोला आलं तेव्हा गाढ झोपलो. जाग आली ती बडनेऱ्याला. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "अकोला मागं गेलं नं भाऊ. मले वाटलं तुमी पुढं जाऊन राहिले." एकतीस वर्षं कालवा निरीक्षक म्हणून मिनिटाच्या हिशेबानं पाणी सोडलं आणि साधं स्टेशन धरता आलं नाही. घरी हे अजून सांगितलेलं नाही. इथं वाचून कळेल.

मी मूळचा शिरोळ तालुक्यातला, उसाच्या मुलखातला. आमच्याकडं जमिनी गेल्या त्या पाणी जास्त झालं म्हणून. उसाला आम्ही पाणी पाजत राहिलो, कालवे झिरपत राहिले, जमिनीच्या पोटातलं मीठ त्या पाण्याबरोबर वर आलं आणि बघता बघता रानं पांढरी पडली. रिटायर झाल्यावर मला घरी बसवेना. मग अशा रानांत भोकांचे पाइप पुरून खारं पाणी बाहेर काढायच्या कामात पडलो. ते काम बघायला दोन वर्षांपूर्वी वऱ्हाडातून काही शेतकरी आले होते. त्यात तेल्हाऱ्याकडचे रशीदभाई होते. आमच्या घरी जेवले, परड्यातली विहीर बघत बराच वेळ कठड्याला टेकून उभे राहिले. मे महिन्यात विहीर अर्धी भरलेली होती. "असं पानी आमी सपनातबी पाह्यलं नाई," म्हणाले.

त्यानंतर त्यांचे फोन सुरू झाले. "मानेसाहेब, आमचंबी वावर पांढरं पडून राहिलं. नदीबी खारी होऊन राहिली. एकदा येऊन पाहा." मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. शेवटी दिवाळी झाली आणि बायको म्हणाली, "जाऊन या एकदाचे. येरझाऱ्या घालून फरशी झिजवलीत."

अमरावती, नाइलाजानं

बडनेऱ्याहून अमरावतीला आलो. चूक झालीच आहे तर पोटाचं तरी भलं करावं म्हणून स्टँडजवळ गिला वडा खाल्ला. दह्यात बुडवलेला वडा आणि वर तिखट चटणी. आमच्याकडं तिखट म्हणजे लाल. इथं हिरवी मिरची माणसाला आधी हसवते आणि मग रडवते. दोन प्लेटी झाल्या, पण तिथं बसून राहवेना. दर्यापूरची एसटी लागलेली दिसली तसा हातातलं दही पुसत चढलो.

त्या वर्षांत वऱ्हाडचं नाव पेपरात रोज यायचं आणि एकाच कारणासाठी यायचं. मुंबईहून, दिल्लीहून समित्या यायच्या, गाड्यांचा धुरळा उडायचा. बसमध्ये शेजारी बसलेल्या धोतरवाल्या म्हाताऱ्यानं माझी बॅग आणि चष्मा न्याहाळून सरळ विचारलं, "कोन्या पेपराचे तुमी?"

"पेपराचा नाही. कालव्याचा माणूस आहे."

"मंग ठीक हाय. पेपरवाले इचारतेत एक अन् लिहितेत भलतंच."

हा इथला बोलण्याचा रोखठोकपणा मला पहिल्या दिवशी टोचला आणि तिसऱ्या दिवशी आवडायला लागला. आमच्याकडंही माणसं रांगडी बोलतात, पण आधी दोन शिव्या घालून जवळ घेतात. इथं शिवी नाही, प्रस्तावनाही नाही.

दर्यापूरच्या स्टँडवर हॉटेलात बसलो तर पोऱ्याऐवजी मालकच आला आणि म्हणाला, "पानी गोडं देऊ का खारं?" मला वाटलं सरबताचं विचारतोय. त्यानं दोन माठ दाखवले. एक हात धुवायचा आणि एक प्यायचा. मी माहीत करून घ्यायचं म्हणून खारं मागितलं. एक घोट घेतला आणि घसा आवळला. मालक बघत होता. "आमी यावरच मोठे झालो," एवढं म्हणून गेला.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा. वर काळी, हातात घेतली तर खावीशी वाटेल अशी माती, आणि खाली मिठाचं पाणी. विहीर खोदली की पदरी खारट पाणी येतं. म्हणून इथले लोक विहिरीच्या नादी लागले नाहीत. पावसावर कापूस, तूर, ज्वारी काढायची आणि प्यायला नदीच्या वाळूत झिरे खणायचे. वाळूत हातभर खड्डा केला की पावसाचं मुरलेलं गोड पाणी हळूहळू जमतं, ते वाटीवाटीनं उपसायचं. हे असं कित्येक पिढ्या चाललं. मग सातपुड्याच्या पायथ्याला धरण झालं आणि त्याचा मातीचा कालवा या पट्ट्यात शिरला.

रशीदभाईंचं वावर

दर्यापुरातून फोन केला होता, त्यामुळं त्यांच्या गावच्या फाट्यावर रशीदभाई मोटारसायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर उपरणं. "अकोल्यात मानूस उभा केला होता, तुमी अमरावतीतून कसे उगवले?" मी विषय बदलला.

घरात शिरताच त्यांनी आत हाक दिली, "अजी सुनती हो, कोल्हापुरवाले मेहमान आए।" त्यांच्या घरात बोलणं असं दोन भाषांत ये-जा करायचं, कुठं पाऊल बदललं ते कळायचं नाही. शमीमभाभींनी चहा आणला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा असं ताट वाढलं. मी दुसरी भाकरी नको म्हटलं तर म्हणाल्या, "लाजून नका राहू. इथी लाजनारा उपाशी राह्यते." 

हात पुसून होतो न होतो तोच मी वावर बघायला चला म्हणालो. रशीदभाईंना दुपारी जरा आडवं व्हायचं होतं. पण मी दारात जाऊन उभा राहिलो, मग काय करतात.

त्यांचं सात एकर वावर कालव्याच्या भरावाला लागून सुरू होतं आणि उतरत उतरत नाल्यापर्यंत जात होतं. वरच्या अंगाची कपाशी छातीएवढी, हिरवीगार, बोंडं नुकती फुटायला लागलेली. मधली गुडघ्याएवढी, पिवळी. आणि खालच्या दीड-दोन एकरांत काहीच नाही. पांढरा पापुद्रा आणि त्यावर आमच्या चपलांचे ठसे. मी ती माती उचलून जिभेला लावली. घरी बायको या सवयीला फार चिडते.

माझ्याकडं पाण्यातलं मीठ मोजायचं खिशातलं मीटर होतं. कालव्यातलं पाणी मोजलं, गोड. भरावाच्या पायथ्याशी तीन दगडांच्या मध्ये एक डबरं होतं, त्यात पाणी पाझरत होतं, तेही गोड. डबऱ्यातून ओसंडून ते वावरात मुरत होतं. खाली नाल्याच्या तोंडाशी तेच पाणी जमिनीतून पुन्हा बाहेर पडत होतं, आणि तिथं मीटरचा आकडा असा चढला की रशीदभाईंनी मीटर हलवून बघितलं. सातशे पावलांत पाण्यानं वाटेतलं सगळं मीठ गोळा केलं होतं.

मी लगेच म्हणालो, खाली आडवा चर काढू, पाइप टाकू, खारं पाणी नाल्यात सोडू. आमच्याकडं असंच करतात. रशीदभाईंनी मला मोटारसायकलवर घातलं आणि नदीवर नेलं.

नाला जिथं नदीला मिळत होता त्याच्या खालच्या अंगाला पुढच्या गावच्या सहा-सात बायका वाळूत झिरे खणून बसल्या होत्या. वाटीनं उपसत होत्या, फडक्यातून गाळत होत्या. एकीनं मला ओंजळभर दिलं. दर्यापूरच्या माठातलं बरं होतं. "कॅनाल याच्या पयले गोड होतं हो," ती म्हणाली. "आता नाल्याचं उतरते अन् सारं नासते."

"तुमी म्हनता तसा पाइप टाकला," रशीदभाई मला म्हणाले, "तं माहं वावर सुधरन. अन् या बायायच्या झिऱ्यात आनखी मीठ जाईन. तसं नाई करायचं."

मला माझीच लाज वाटली. आमच्या पाइपांचं पाणीही शेवटी कृष्णेलाच जातं. खालच्या गावात जाऊन मी ते कधी चाखलेलं नाही.

भोक सापडलं

मग राहिला एकच उपाय. पाणी मिठाला भेटूच द्यायचं नाही. म्हणजे गळती मुळात बंद करायची. कालव्यावरच्या चौकीदाराला रशीदभाईंनी सांगून ठेवलं होतं, आणि गळती बुजवायला नको कोण म्हणेल?

सकाळी मी तुरीचं कुटार मागवलं. कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा. तो कालव्याच्या काठानं पाण्यावर मूठमूठ टाकत चाललो. कालवा संथ होता, भुसा आरामात वाहत होता. जुन्या मोरीपाशी मात्र त्यानं गिरकी घेतली आणि पाण्याखाली गेला. तिथं घुशीनं पोखरलं होतं. कंबरभर पाण्यात उतरून पायानं चाचपलं तर मांडीएवढं भोक लागलं. मला त्या वेळी जो आनंद झाला तो लपवत नाही. काळी चिकण माती आणि गवत कालवून पोती भरली, एकेक पोतं तुडवून आत बसवलं. दुपारपर्यंत भोक बंद. रशीदभाईंनी मला मिठीच मारली, चिखलासकट.

डबऱ्यापाशी एक चेपलेली घागर पालथी पडली होती. ती मी पाहिली. पायानं बाजूला सारली हेही आठवतं. गुराढोरांसाठी कुणी ठेवली असेल असं वाटलं. एकतीस वर्षं कालव्यावर काढलेल्या माणसाला वाटलं ते.

दुसरा दिवस मी उगाच हिंडण्यात घालवला. तेल्हाऱ्याच्या बाजारात गेलो, जिनिंगच्या दारातल्या कापसाच्या गाड्या पाहिल्या, परत आलो, पुन्हा कालव्यावर गेलो. काम झालं होतं तरी पाय थाऱ्यावर नव्हते. संध्याकाळी शमीमभाभींनी चहा आणला तर दूध फाटलेलं. त्यांनी कप खाली ठेवला, रशीदभाईंकडं एकदा पाहिलं आणि आत गेल्या. मला वाटलं दूध शिळं असेल.

शाळेतली खिचडी

तिसऱ्या दिवशी शाळेच्या हेडमास्तरांनी बोलावलं. पोरांना पाण्यावर चार शब्द सांगा, मग खिचडी खाऊन जा. मी सांगितले, चारशे तरी शब्द. गळती म्हणजे काय, थेंब कसा वाया जातो, नदी कशी बिघडते. पोरं भुकेनं चुळबुळत होती. खिचडी यायला फार उशीर झाला.

खिचडी शिजवायला कौसल्याबाई होत्या. चाळिशीच्या, उंच, कपाळावर घामाबरोबर चिकटलेली राख. त्यांनी पहिलं ताट माझ्यासमोर ठेवलं. पहिल्याच घासाला दाताखाली खडा आल्यासारखं झालं. तुरीची डाळ होती, कच्ची. दुसऱ्या घासाला पुन्हा तेच. आजूबाजूला पोरं भात खात होती आणि डाळ निवडून ताटाच्या कडेला लावत होती. बारकी पोरं सरळ थुंकत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"दोन घंटे चुलीवर होती. खाऱ्या पान्यात डाय शिजत नाई," त्या म्हणाल्या. इकडं डाळीला डाय म्हणतात. "रोज डबऱ्याचं पानी आनतो आमी. परवापासून डबरं आटलं. खा साहेब, तुमच्याच हातची हाय."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ते ताट संपवलं, डाळीसकट. पोटात दुखलं ते रात्रभर, पण त्याची तक्रार मी कुणाकडं करणार होतो?

हळूहळू कळलं ते असं. कालवा आला तशी नदी खारी होत गेली. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आला तर. गावातल्या बायकांनी शोधून काढलं की मोरीपाशी भरावातून जे पाझरतं ते गोड असतं, मातीतून गाळून येतं. तीन दगड लावून त्यांनी डबरं केलं. सगळ्या गावाची डाळ आणि चहा त्या डबऱ्यावर. रशीदभाईंच्या घरचासुद्धा. चार घागरी रोज शमीमभाभीच आणायच्या.

मी तडक रशीदभाईंना गाठलं. "मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी बंद केलं असतं काय?"

"घरात तरी विचारायचं."

मग म्हणाले, "दरसाल शंभर पावलं मीठ वर चढते, साहेब. आनखी पाच-सहा सालात ते माह्या घरापरेंत येईन. डाय तं काय, बिना डायीचंबी जगता येते."

त्यांचं खोटं नव्हतं. कौसल्याबाईंचंही नव्हतं आणि नदीवरच्या त्या बाईचंही नव्हतं. ती गळती बंद ठेवली तर गावाला पाणी नाही. उघडी ठेवली तर वावर आणि नदी दोन्ही जातात. मला उभं राहवेना आणि बसवेना. मी चपला काढल्या, कालव्यात उतरलो आणि मी बसवलेली पोती मीच ओढून काढली. जन्मात गळती उघडायची वेळ पहिल्यांदा आली. एक चपल वाहून गेली. काठावर रशीदभाई उभे होते.

"कोनाच्या पार्टीचे हो तुमी?" त्यांनी विचारलं.

दोन ओळी

उपाय होता. पोती काढता काढताच तो डोक्यात आला होता. गळती राहू द्यायची, पण ते पाणी वावरात जाऊ द्यायचं नाही. भरावाच्या पायथ्यालाच, जिथं ते अजून गोड आहे, तिथं लांब चर खणायचा. तळाला गिट्टी, त्यात भोकाचा पाइप, आणि ते पाणी थेट शाळेशेजारच्या टाकीत. टाकीतून उरलेलं वरच्याच पिकाला. खाली काही मुरलं नाही तर मीठ वर येणार नाही, नाल्यात उतरणार नाही, नदीत जाणार नाही.

संध्याकाळी अंगणात बसून मी हे कागदावर काढून दाखवलं. कौसल्याबाई आल्या होत्या, शमीमभाभी दारात होत्या. रशीदभाईंनी कागद उलटसुलट केला.

"चर कुठून जाईन?"

"तुमच्या कपाशीच्या वरच्या दोन ओळींतून."

सात एकरांतल्या सगळ्यात चांगल्या त्याच दोन ओळी होत्या. गळतीच्या गोड पाण्यावर पोसलेल्या. बोंडं फुटत होती, पहिली वेचणीही झाली नव्हती.

"महिनाभर थांबा. कापूस निघू द्या."

"महिनाभरात कालव्याला पाळीचं पाणी चालूच राहणार. तेवढं मीठ आणखी वर येईल."

"तुमचं काय जाते साहेब सांगाले. तुमच्या गावात तुमी असं केलं काय?"

या प्रश्नाला मी हो म्हणू शकलो असतो. कोण तपासायला येणार होतं? पण त्या दिवशी पोटात ती डाळ होती.

मी सांगितलं. आमच्या गावात कालव्याचा जो भाग माझ्या ताब्यात होता त्याला माझ्या घरापाशीच गळती होती. माझी विहीर त्या गळतीवर भरायची, म्हणून मेमध्येही आटायची नाही. दर आठवड्याच्या अहवालात मी लिहायचो, गळती नाही. विहिरीच्या खालच्या अंगाला माझ्या चुलत भावाचं, शिवाप्पाचं, तीन एकर रान. ते पांढरं पडत गेलं. त्याला वाटलं त्याचं नशीब. शेवटी रान टाकून तो इचलकरंजीला यंत्रमागावर गेला. मी नंतर पंधरा गावांत पाइप पुरले, त्या रानात मात्र गेलो नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही अर्धंच माहीत.

रशीदभाईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "मंग त्या भावाले काय देलं तुमी?"

"काही नाही."

ते उठून आत गेले. जेवायला बाहेर आले नाहीत.

सकाळी मी वावरात पोचलो तेव्हा रशीदभाई आणि शमीमभाभी दोघं पहिल्या ओळीपाशी उभे होते आणि कौसल्याबाईंची वाट बघत होते. या भागात वेचणीच्या आधी सीतादही करतात. पहिल्या झाडापाशी दहीभात ठेवून, हळदकुंकू लावून मगच कपाशीला हात लावायचा. रशीदभाईंच्या वावरात ते दरवर्षी वेचणीच्या बायका करतात, आणि ते झाल्याशिवाय रशीदभाई कुणाला बोंड तोडू देत नाहीत. कौसल्याबाईंनी दहीभात ठेवला, कुंकू लावलं. रशीदभाई टोपी घालून बाजूला हात बांधून उभे राहिले. मग वाकले आणि पहिलं झाड त्यांनीच उपटलं. मी काहीतरी बोलायला गेलो.

"बोलून नका राहू," ते म्हणाले. "लाइन दाखवा."

दोन दिवस अख्खं गाव खणत होतं. उपटलेल्या झाडांची फुटलेली बोंडं शमीमभाभी पदरात घेत होत्या, हिरवी तशीच टाकावी लागली. माझ्या हाताला फोड आले, वय आठवलं. गिट्टी कमी पडली तर शाळेच्या जुन्या भिंतीच्या विटा फोडून घातल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी टाकीत करंगळीएवढी धार आली. पुढं ती अंगठ्याएवढी झाली. मी मीटर काढलं. कौसल्याबाईंनी माझ्याकडं लक्ष न देता पातेलं भरलं आणि डाळ चढवली. पाऊण तासानं पळीनं एक दाणा काढून बोटांत चिरडला.

"शिजली," म्हणाल्या आणि पोरांना ताटं घ्यायला सांगितलं.

निघताना नदीवर

निघायच्या दिवशी मला नदीवर जायचंच होतं. रशीदभाई नको म्हणत होते, एसटी चुकेल म्हणून. पण गेलो. ओंजळ देणारी ती बाई तिथंच होती. तिच्या झिऱ्यात मीटर बुडवलं. आकडा होता तोच.

ते मला ठाऊक होतं. जमिनीत बसलेलं मीठ तीन दिवसांत जात नाही. पावसानं धुऊन निघायला वर्षं लागतात, आणि तेही प्रत्येक गळतीपाशी असा चर झाला तर. आम्ही एक केला होता. कालव्याला अशा किती असतील ते मी येताना मोजायला लागलो होतो आणि मधेच सोडून दिलं होतं. हे सगळं मी तिला जमेल तसं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"मंग आज काय नेऊ?" तिनं विचारलं.

मी मीटर पुसून खिशात घातलं. तिनं वाटी पुन्हा वाळूत घातली. रशीदभाईंनी मोटारसायकल सुरू केली. फाट्यावर त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. आत नव्या चपला होत्या, तेल्हाऱ्याच्या बाजारातल्या. एक नंबर लहान निघाल्या, पण घरापर्यंत घालून आलो.

इचलकरंजी

मिरजेला उतरलो आणि गावाकडं जायच्या ऐवजी इचलकरंजीची बस धरली. शिवाप्पाला मी दरवर्षी जत्रेला भेटतो, एका पंगतीत जेवतो. त्याच्या कामावर कधी गेलो नव्हतो. पत्र्याच्या शेडमध्ये चार माग खडखडत होते, त्यांच्यामधून तो फिरत होता. मला बघून त्याला कुणीतरी गेलं असंच वाटलं. मी त्याला बाहेर चल म्हणालो, तो म्हणाला, माग सोडून येता येत नाही. म्हणून मला ते ओरडून सांगावं लागलं. गळती होती. मला माहीत होती. तुझं रान माझ्या विहिरीनं खाल्लं.

तो तुटलेला धागा जोडत होता. गाठ मारून झाली तेव्हा म्हणाला, "मला ठावं हुतं."

"कधीपासून?"

"सगळ्यांच्या हिरी आटायच्या आन् तुझी भरल्याली. आंधळ्याला बी कळंल."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सायेब हुतास. म्हटलं, तूच सांगशील कवातरी."

मग मी त्याला वऱ्हाडातलं सांगितलं. डबरं, खिचडी, चर, सगळं. तो मागांमधून फिरत राहिला, मी त्याच्या पाठोपाठ. सीतादहीचं त्यानं दोनदा विचारलं. शेवटी एका मागापाशी थांबला.

"त्या मुसलमान गड्याच्या किती वळी गेल्या म्हणालास?"

"दोन."

"चांगल्या हुत्या?"

"सगळ्यात चांगल्या."

"आन् तुझ्या उसाच्या किती जातील?"

मी मनात मोजलं. विहिरीपासून त्याच्या बांधापर्यंत, भरावाच्या पायथ्यानं. "पाच," मी म्हणालो. "आणि विहीर."

शिवाप्पानं हात लांब करून माग बंद केला. मग दुसरा केला, मग तिसरा.